पाटीवर आलेलं 'नान'

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही.

पण यातली माणसं हयात आहेत. त्यांतलं एक माणूस आत्ता पलीकडच्या खोलीत दुपारचं आडवं झालंय. मधली भिंत पातळ आहे.

म्हणून हळू टाइप करतोय.

मी शिरीष. मूळचा अकोल्याचा. डॉक्टर व्हायला म्हणून किर्गिझस्तानात आलो, ते काही झेपलं नाही. मग कॉम्प्युटर शिकलो, आयझिरेकशी लग्न केलं आणि तिच्या गावी, नारीनला, कायमचा राहिलो. आता इथली थंडी माझ्यापेक्षा अकोल्याच्या पाहुण्यांनाच जास्त बोचते.

तुम्ही अमावास्येची रात्र वगैरे शोधत असाल तर ती यात नाही.

जे घडलं ते दिवसाउजेडी घडलं. मागच्या हिवाळ्यात. काराजिल्गा घाटात.

घाटाच्या माथ्यावर एक जुनी दगडी खोली आहे. तिच्या छपरावर आमच्या कंपनीने वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं. ते यंत्र वाऱ्याचा वेग मेसेजने पाठवायचं. खाली, घाट सुरू होतो तिथे बुरुलचं चहाचं दुकान आहे. त्याच्यासमोर आमची विजेची पाटी. पाटीवर वाऱ्याचा आकडा आणि शेजारी दिवा. आकडा वीसच्या वर गेला की दिवा लाल. मग गाडी वर न्यायची नाही. वरच्या वळणांवर वारा सुटला की बर्फ रस्त्यावर यायला वेळ लागत नाही.

मधलं काम माझ्या प्रोग्रॅमचं. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, चार ओळींचं. मेसेजमध्ये येतात ती अक्षरं. आपल्याला 'चौदा' दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो एक आणि चार अशी नुसती अक्षरं. त्यांचा आकडा करायचा, तो पाटीवर टाकायचा आणि वीसशी ताडून बघायचा.

आकडा झाला की अक्षरं फेकून द्यायची. ठेवून करायचंय काय?

जानेवारीत एका दुपारी बुरुलचा फोन आला.

"काय हो कॉम्प्युटरवाले, नान विकायचा धंदा काढलात का?"

"का हो?"

"पाटीवर लिहून आलंय ना. नान. भाव तेवढा टाकायचा राहिला."

किर्गीझ भाषेत नान म्हणजे भाकरी, रोटी. रोजचं अन्न. बुरुल हसत होती. मीही हसलो, कारण मला लगेच कळलं होतं. अक्षरांमध्ये आकडाच नसला, तर जावास्क्रिप्ट तीन अक्षरं देते. एन, ए, एन. अर्थ, 'ही संख्या नाही'. ती अक्षरं जोडून वाचली की नान.

"वारा आहे का तिकडे?" मी विचारलं.

"वारा? छपराचा पत्रा धरून बसलेय मी."

"आणि दिवा?"

"हिरवा."

माझं हसू तिथेच थांबलं.

ही जी 'संख्या नाही' असते, ती कशाहीपेक्षा मोठी नसते आणि लहानही नसते. ती वीसपेक्षा मोठी आहे का, असं विचारलं की उत्तर 'नाही'. म्हणजे दिवा हिरवा. वर वादळ असलं तरी.

मी घाईघाईने एक ओळ घातली. आलेली गोष्ट 'संख्या नाही' याच्या बरोबरीची असेल, तर दिवा लाल कर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटीवर नान...

दिवा हिरवाच.

चूक माझी होती, नवशिक्याची चूक. ती 'संख्या नाही' स्वतःच्याही बरोबरीची नसते. तिला तिच्याच समोर उभं केलं आणि विचारलं, ही तूच का... तर म्हणते, नाही. तिला ओळखायचं असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

हे सगळं मी त्या संध्याकाळी जेवताना गंमत म्हणून घरी सांगितलं. आयझिरेक हसली. तिचा धाकटा भाऊ एर्निस रोज मार्शरुट्का घेऊन घाटातून जातो. मार्शरुट्का म्हणजे आपली वडाप. तो तर घास अडकेपर्यंत हसला.

माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. मैरमकुल अपा. अपा म्हणजे आई. त्यांनी हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला.

"वरून आलं ते?"

"हो अपा. यंत्राकडून."

"नान एवढंच? पुढे काही सांगितलं?"

किर्गीझ बोलीत तो, ती, ते असा भेद नसतो. अपा यंत्राबद्दल विचारत होत्या की कोणा माणसाबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता.

"यंत्र काय सांगणार अपा? बिघडलंय ते."

"हं," म्हणाल्या. आणि ताटातल्या नानचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसल्या.

मला ते खटकलं.

इथे गुरुवारी तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगीर तुकडे, तळतात. गेलेल्या माणसांना त्या तेलाचा वास पोचतो म्हणतात. त्या आठवड्यात अपांनी मंगळवारी कढई चढवली. मग बुधवारी. मग रोज.

आयझिरेकला विचारलं, तर म्हणाली, "म्हातारं माणूस आहे. असू दे."

माझा संशय मात्र तेव्हा दुसऱ्यावरच होता.

वरच्या खोलीची एक किल्ली एर्निसकडे होती. आमच्या माणसाला वर न्यायचं-आणायचं काम त्याचंच. आणि थट्टेसाठी तो काहीही करतो. माझ्या लग्नात त्याने माझे बूट घोड्याच्या पाठीवर बांधून घोडा सोडून दिला होता.

"एर्निस, खरं सांग. यंत्राशी खेळतोस का तू?"

"मी? जेझदे, मला घरचा टीव्ही लावता येत नाही." जेझदे म्हणजे आपलं भावजी.

"मग किल्ली कोणाला दिलीस?"

"कोणाला देणार? कोल्ह्याला?" मग त्याचा चेहरा जरा बदलला. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय? चला वर. उद्याच चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

गेलो. ऊन पडलं होतं, आकाश लख्ख. रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही खोलीकडे चढलो. दारापर्यंत गुडघाभर बर्फ. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कुलूप गोठलेलं. एर्निसने लायटरने ते तापवलं तेव्हा कुठे उघडलं.

आत कोणी आलेलं नव्हतं, येणं शक्यच नव्हतं. मी एर्निसकडे बघायचं टाळलं.

भिंतीवर आमच्या यंत्राचा डबा. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा स्वच्छ दिसत होता. सात. मग आठ.

"बघा," एर्निस म्हणाला. "चांगलं धडधाकट आहे तुमचं यंत्र."

पलीकडच्या भिंतीवर एक फिकट चौकोन होता. पूर्वी तिथे काहीतरी टांगलेलं असावं. चार खिळ्यांची भोकं दिसत होती.

"हे काय होतं?"

"टेलिफोन. पूर्वी इथे माणूस राहायचा. वारा मोजून खाली कळवायचा. माझ्या जन्माआधीची गोष्ट."

मी बुरुलला फोन लावला. तिथे मोबाइल जेमतेम लागतो.

"बुरुल, पाटीवर किती आहे?"

"नान."

माझ्या समोर डब्यावर नऊ होते...

"नीट बघा."

"अहो, मला वाचता येतं. नान."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाहेरचा आवाज थांबला होता.

छपरावरच्या यंत्राच्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरत होत्या, त्यांची सावली खिडकीतून जमिनीवर फिरताना दिसत होती. पण आवाज नाही. वाऱ्याचा नाही, वाट्यांचा नाही. त्या शांततेत एकच गोष्ट ऐकू येत होती... जुन्या टेलिफोनच्या तारेत असते तशी खरखर. भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनाकडून.

एर्निसने माझी बाही ओढली.

"चला. बघितलंत ना? चला."

आम्ही बर्फ तुडवत गाडी गाठली. खाली उतरताना तो एवढंच म्हणाला, "घरी अपाला सांगू नका."

"का?"

"सांगू नका म्हटलं ना."

त्याच दिवशी मी प्रोग्रॅम नीट केला. 'ही संख्या आहे का' असं योग्य तऱ्हेने विचारलं. नसेल तर सरळ लाल दिवा. आणि आणखी एक केलं. येणारा मूळ मेसेज, आकडा करण्याआधीची अक्षरं, माझ्या पडद्यावर दिसतील अशी सोय केली. वरून नक्की काय येतंय ते मला बघायचं होतं.

आमचे साहेब दोरोनबेक कुरकुरले. "कशाला अक्षरांच्या मागे लागतोस? आकडा आला की झालं. आपल्याला आकड्याचेच पैसे मिळतात."

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. बारा, नऊ, सोळा. मूळ मेसेजही तसेच. मला वाटलं, संपलं.

अपा मात्र रोज विचारायच्या. मी बूट काढायच्या आत.

"आज काही आलं?"

"आकडे आले अपा."

"आकडेच?"

आणि आतून तळणीचा वास.

मग ती दुपार आली. नारीनच्या आकाशाचा रंग सकाळपासूनच राखाडी. जेवणानंतर मी ऑफिसात पडद्यासमोर बसलो होतो. आकडे चढत होते. सतरा, अठरा, एकोणीस. आता वीसच्या वर जाणार, दिवा लाल होणार, म्हणून मी बघत होतो.

पुढचा मेसेज आला.

रिकामा.

त्यात काहीच नव्हतं. ना आकडा, ना अक्षर. मेसेज आल्याची खूण फक्त... आणि आत कोरं.

मला क्षणभर बरंच वाटलं. आता माझी तपासणी त्याला पकडेल, दिवा लाल होईल. मग मी पाटीचा आकडा बघितला.

शून्य.

वारा शून्य. दिवा हिरवा.

जावास्क्रिप्टची ही खोड मी विसरलो होतो. शब्द आला तर ती म्हणते, ही संख्या नाही. पण काहीच आलं नाही, कोरं आलं, तर ती त्याचा शून्य करते. आणि शून्य ही अगदी चांगली संख्या आहे. माझ्या तपासणीने तिला वाकून वाट दिली होती.

मी बुरुलला फोन लावला. तिचा आवाज नीट येत नव्हता, इतका वारा.

"एर्निस आहे का तिथे?"

"होता की. पाटीकडे बघत बसला होता. शून्य झालं तसा म्हणाला, वर उघडलंय वाटतं. गेला."

"माणसं आहेत गाडीत?"

"भरलेली."

मी एर्निसला लावत राहिलो. लागेना. दिवा हाताने लाल केला, दोरोनबेकना ओरडून सांगितलं आणि त्यांची गाडी घेऊन निघालो. बुरुलच्या दुकानापाशी पोचलो तोवर घाट दिसेनासा झाला होता. पोलिसाने पुढे जाऊ दिलं नाही. दुकानात चूल धडधडत होती, बुरुल चहा ओतत होती, कोणी पीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आयझिरेकचा चेहरा येत होता. तिला काय सांगणार होतो मी? कोऱ्या मेसेजचा शून्य झाला म्हणून?

किती वेळ गेला कोण जाणे.

मग दोन दिवे दिसले. हळूहळू, चालत्या माणसाच्या वेगाने उतरणारे.

एर्निसची गाडी.

माणसं उतरली. सगळी. एक बाई रडत होती. एर्निस उतरला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. मी त्याच्या खांद्यांवर माझा कोट टाकला.

"वरचं वळण गेलं जेझदे," तो म्हणाला. "माझ्यासमोर. सगळा डोंगर खाली आला. मी थांबलो नसतो तर त्याच्याखाली असतो."

"थांबलास का?"

त्याने चूळ भरल्यासारखा घोटभर चहा तोंडात फिरवला आणि गिळला.

"रस्त्यात बाई होती. कापूस भरलेलं जुनं जाकीट. हात पुढे केलेला. म्हटलं, या वादळात ही कुठून... काच खाली केली. तिने आकडा सांगितला."

"कसला आकडा?"

"तेहतीस. बस, तेहतीस. आणि मग म्हणाली, नान."

त्याने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"मी सीटवरचा नान उचलून दिला. वळून बघतो तर डोंगर सुटलेला. परत बाजूला बघतो तर कोणी नाही."

गाडीतून आलेले एक शाळामास्तर माझ्याशेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "आम्हाला कोणी बाई दिसली नाही. या पोराने मधेच गाडी थांबवली, काच उघडली, नान बाहेर धरला. आम्ही ओरडलो त्याला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पण नान वाऱ्याने उडाला नाही. तो... घेतला गेला."

कोपऱ्यात ओमुरकुल आता बसले होते. इथे 'आता' म्हणजे आजोबा. आयुष्यभर या रस्त्यावर ट्रक चालवलेला म्हातारा. सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सैराकान," ते म्हणाले. "वरच्या खोलीत असायची. एकटी. वारा मोजायची, टेलिफोनवर सांगायची. एका हिवाळ्यात रस्ता बंद झाला, तिच्याकडचं धान्य संपलं. पण आकडे रोज येत होते खाली. अगदी बरोबर. म्हणून कोणाला काही वाटलं नाही. रस्ता उघडला तेव्हा ती गेलेली होती."

"तिने सांगितलं नाही? फोनवर?"

"सांगितलं असणारच की. पण खाली हुकूम होता. लाइन अडवायची नाही. आकडा घ्यायचा, फोन ठेवायचा. दुसरं काही बोलली तर ऐकायचं नाही."

"खाली फोनवर कोण असायचं?"

ओमुरकुल आतांनी मला निरखून बघितलं.

"जावई ना तू त्यांचा? तुला माहीत नाही?"

मी उठून एर्निसला घरी न्यायला गेलो.

बर्फ हटल्यावर कंपनीचा माणूस वर जाऊन आला. म्हणाला, त्या यंत्राला कोरा मेसेज पाठवताच येत नाही. अक्षरंही पाठवता येत नाहीत. त्याच्याकडे फक्त आकडे आहेत. आता तिथे नवं यंत्र आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये कोऱ्याचीही तपासणी आहे. पाटी चांगली चाललीय.

नारीनमध्ये सगळे म्हणतात, सैराकानने पोराला वाचवलं. एर्निसही म्हणतो. जाताना रोज वरच्या वळणावर नान ठेवतो.

मी मान डोलावतो.

पण मला एक विचार सोडत नाही. तिने थांबवलं, हे खरं. मग दिवा हिरवा करून त्याला वर बोलावलं कोणी? बाकी सगळ्या गाड्या सोडून, मैरमकुलच्या मुलालाच?

आणि तिला त्या दिवशी फक्त नानच हवा होता का...

अपांना मी काही बोललो नाही. त्यांनीही एर्निसला पोटाशी धरलं आणि एक शब्द विचारला नाही. बाईचं नावसुद्धा नाही. तळणी मात्र त्या दिवसापासून पुन्हा गुरुवारचीच झाली. मला वाटलं, बरं झालं. मिटलं.

गेल्या आठवड्यात डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आलो. अपांना चाहूल लागली नाही. त्या बाहेरच्या खोलीत, पाठमोऱ्या बसल्या होत्या. आमच्याकडे एक जुना टेलिफोन आहे, शोभेला ठेवलेला. त्याची लाइन केव्हाच काढून टाकलीय. तार कपाटामागे तुटून लोंबते आहे, मी स्वतः बघितलीय.

त्याचा रिसीव्हर अपांच्या कानाला होता.

मी दारातच थांबलो.

त्या हळू आवाजात बोलत होत्या. लहान पोराला समजवावं तसं.

"ऐकतेय गं. नाही ठेवत. आकडा नको सांगू... तू बोल."

मग त्या ऐकत राहिल्या. खूप वेळ. मधे मधे हुंकार देत. एकदा हसल्या. एकदा "कोण, जावई? हो, आलाय. दारातच उभा आहे," म्हणाल्या.

मागे वळून न बघता.

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. त्यांनी रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला आणि उठल्या.

"चहा टाकू का बाळा?"

"कोणाचा फोन होता अपा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी शांत, नेहमीच्या डोळ्यांनी.

"राँग नंबर."